ड्रमच्या स्मोकरमध्ये लाकूड कोणतं घालू? मोसंबी, पेरू, वेडी बाभूळ, निंब सगळं शेतात पडलंय

गिरणाथडी

राम राम मंडळी.

मी पाचोरा तालुक्यातला. शेतातल्या घरामागे दोनशे लिटरच्या ड्रमचा स्मोकर करून घेतलाय. गावातल्याच वेल्डरने केला. खाली हवेला झडप, झाकणावर छोटं धुराडं, मधे दोन जाळ्या. ड्रमसकट साडेतीन हजारांत भागलं. मसाला, मीठ, मांस याची चिंता नाही, घरात तीन पिढ्यांचा काळा मसाला आहे. अडलंय ते लाकडापाशी.

व्हिडिओ बघावेत तर सगळे हिकरी, ओक, सफरचंद, चेरी यांचीच नावं घेतात. यातलं तापी-गिरणेच्या पट्ट्यात काय उगवतं, सांगा बरं. ऑनलाइन पाकिटं मिळतात, पण त्या कपच्यांचा किलोचा भाव बघून वाटलं, एवढ्यात दोन गावठी कोंबड्या येतील. आणि बांधावर लाकूड पडलेलं असताना मी लाकूड विकत आणलं असं अण्णांना कळलं तर मला त्याच ड्रममध्ये बसवतील.

हाताशी आहे ते असं. काकांनी मोसंबीची बाग काढली, झाडं वाळत चालली होती. जेसीबीने उपटलेली खोडं होळीच्या आधीपासून बांधावर पडून आहेत. खोडाला खाली निळसर पांढरं बोर्डो लावलेलं अजून दिसतं. नाल्याकाठी वेडी बाभूळ हवी तेवढी आहे. मागच्या पावसाळ्यात वादळात आडवा झालेला एक निंब आहे. पेरूची छाटणी आहे, बहुतेक मनगटाएवढी जाड. घर बांधताना उरलेले सागाचे तुकडे आहेत. आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग तर असतोच, भरताची वांगी त्यावरच भाजतो आम्ही.

यातलं काय घ्यायचं आणि काय लांब ठेवायचं? साल काढायची का? पाण्यात भिजवायचं का? लाकूड वाळलंय हे ओळखायचं कसं? आधी कोंबडी करीन म्हणतो, जमलं तर बोकडाचा फरा. पावसाळ्याच्या आत व्हायला हवं, नंतर अंगणात चिखल असतो आणि पाठोपाठ श्रावण.

इस्तूवाला

कसाले यवढी उठाठेव करस भो? मटन शिजनं का वाटीमा निखारा ठेव, वरथून तूप सोड, झाकन लाव. पाच मिनिटमा काम व्हस.

गिरणाथडी

भाऊ, धुंगार आमच्याकडेही देतात, वरणाला पण देतो. पण तो वास वरवर राहतो. मला मांसच धुरावर शिजवायचंय, तीन-चार तास, मंद.

वखारीतला म्हातारा

हा विषय माझा. चाळीसगावकडे आमची वखार आणि आरागिरणी होती, आता त्या जागेवर पोराने मोबाइलचं दुकान टाकलंय. मला मोबाइलमधलं काही कळत नाही, पण लाकूड हातात घेतलं की ते किती महिन्यांचं आहे ते सांगतो.

तू विचारतोस लाकूड कोणतं. ते दुसरं. आधी विचार की त्याच्या पोटात पाणी किती आहे. उत्तम जातीचं ओलं लाकूड घातलंस तर कोंबडी कडू होणार, आणि साधंच लाकूड नीट वाळवून घातलंस तर बोटं चाटशील.

नुकत्या तोडलेल्या झाडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. ते जाळात टाकलं की आगीची सगळी ताकद पाणी उडवण्यात जाते. लाकूड नुसतं धुमसतं आणि पांढरा, दाट, डोळे चोळायला लावणारा धूर निघतो. त्या धुरात डांबरासारखा चिकट भाग असतो. तो झाकणाच्या आतून काळा ओघळतो आणि मांसावरही तसाच बसतो. असं मांस खाल्लं की जीभ बधिर होते. लोक म्हणतात, धुराची चव आली! ती धुराची नसते, डांबराची असते. लाकूड वाळलेलं असेल आणि खालून हवा मिळत असेल तर धूर पातळ निघतो, निळसर, उन्हात बघितला तरच दिसतो. बाजूला उभं राहिलं की नुसता वास येतो. तो धूर हवा. धुराडं बंद करून दाट धूर कोंडायचा मोह होईल, तो आवर. झाकणावरचं धुराडं कायम पूर्ण उघडं ठेव आणि आग कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने.

वाळलेलं म्हणजे किती? पाण्याचं प्रमाण पंधरा ते वीस टक्के असलं की धुरासाठी उत्तम. ओळखायचं असं: दोन तुकडे एकमेकांवर आपट. वाळलेले टणकन वाजतात, ओले धप्प करतात. करवतीने कापलेल्या टोकाला मध्यापासून सालीकडे तडे गेलेले दिसतात. साल नखाने उचकली तरी सुटते. पण टोकं फसवतात, कारण टोकाकडून लाकूड आधी वाळतं. म्हणून एक तुकडा मधोमध फोड आणि फोडलेली बाजू गालाला लाव. गार लागली तर पाणी आहे. हसू नका कुणी, गिऱ्हाईक ओलं सरपण पदरात पडू नये म्हणून वखारीत असंच बघायचे. ओल मोजायचा मीटर घेतलास तरी सुया त्या ताज्या फोडलेल्या बाजूलाच टोच, बाहेरून टोचशील तर खोटा आकडा दाखवील.

अजून खात्रीचं हवं असेल तर घरातला वजनकाटा घे. चार-पाच तुकड्यांवर खडूने नंबर टाक, वजनं लिहून ठेव, दर आठवड्याला बघ. उतरत असेल तोवर पाणी जातंय. दोन आठवडे तेच वजन राहिलं की तयार.

आता तुझा माल.

मोसंबी तुझ्या ढिगातलं सगळ्यात चांगलं. लिंबूवर्गातलं लाकूड कठीण, बारीक रेषेचं, धूर सौम्य आणि किंचित गोडसर. कोंबडीला तर फारच छान. पण बागेचं झाड आहे, म्हणजे त्याने आयुष्यभर औषधं खाल्लेली आहेत. बोर्डो लावलेला खालचा हातभर भाग सरळ कापून टाक. त्यात मोरचूद आणि चुना असतो, म्हणजे तांबं, ते मांसाच्या धुरात नको. मुळं घेऊच नकोस, त्यात माती आणि खडे अडकलेले असतात, कुऱ्हाडीची धार जाते ते वेगळंच. आणि एक नीट बघ. साल खाणारी अळी लागली की बागाईतदार तिच्या भोकात औषधाचा किंवा पेट्रोलचा कापसाचा बोळा कोंबतात आणि वर चिखल लिंपतात. फांदी जिथे फुटते त्या बेचक्यात हे भोक असतं, आजूबाजूला भुशाची जाळी लोंबत असते. वाळलेला चिखलाचा टिकला दिसला की खाली बोळा आहे समज आणि वीतभर इकडे, वीतभर तिकडे सोडून कापून टाक. वरच्या सरळ फांद्या घे, दंडाएवढ्या, सालही काढ. बाकीच्या झाडांच्या सालीबद्दल मी एवढा कडक नाही, पण फवारणी सगळी सालीवर बसते.

पेरू छान. आगही चांगली, धूरही गोड. मनगटाएवढ्या फांद्या वितीच्या मापाने कापून मधून चिरून ठेव. पेरूची साल पातळ आणि गुळगुळीत असते, राहिली तरी चालते. तुझी बाग घरच्यापुरती असेल तर फवारणीचाही प्रश्न नाही.

वेडी बाभूळ. तिला आपण शिव्या देतो, टायर तिच्याच काट्याने जातं, पण ती मूळची अमेरिका खंडातली आणि तिकडच्या मेस्कीटची सख्खी चुलत बहीण आहे. टेक्सासमध्ये मेस्कीटवर भाजलेलं मांस मिरवतात. तेव्हा हिकरी नाही म्हणून रडू नकोस, तुझ्या नाल्यात मेस्कीटचं गोत उभं आहे. मात्र धूर जबरदस्त. तीन तास नुसत्या तिच्याच धुरात कोंबडी ठेवशील तर खाताना फक्त धूर लागेल. तिचा उपयोग निखाऱ्याला कर. बाहेर घमेल्यात किंवा चुलीत जाळून लाल निखारे कर, ते ड्रममध्ये टाक आणि वर चवीसाठी मोसंबी नाहीतर पेरूचे एक-दोन तुकडे. आगीला बाभूळ, वासाला फळझाड. गावठी बाभळीचंही हेच, फक्त तिची साल काढायलाच हवी. चामडं कमवायला वापरतात ती साल, इतकी तुरट असते.

निंब नको. जनावरांच्या गोठ्यात डासांना धुरी करायला ठेव. साग नको, तेलकट लाकूड आहे, शिवाय घरकामातून उरलेल्या तुकड्यांना वाळवीचं औषध किंवा पॉलिश लागलेलं असू शकतं. सुताराकडचा भुसाही आणू नकोस. हल्ली त्यात निम्मा प्लायवूडचा असतो, म्हणजे डिंक आणि रसायन. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्याही नकोत. त्या बहुतेक चिडाच्या असतात, राळेने भरलेल्या, धूर काजळीचा. परदेशी मालाच्या पॅलेटवर तर कधी ‘एमबी’ असा शिक्का असतो, त्याचा अर्थ त्याला मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली आहे.

पऱ्हाट्या भरतालाच राहू दे. वांग्याची साल आपण काढून टाकतो, आणि तो जाळ भडकून पाच-दहा मिनिटांत बसतो. मांस तासन्‌तास धुरात राहतं. कपाशीवर होते तेवढी फवारणी दुसऱ्या कुठल्या पिकावर होते सांग.

आता वाळवणं. ओंडका अख्खा ठेवलास तर सालीतून पाणी निघायला वर्ष घेईल. फोडलास की काम झटपट. मुठीएवढे तुकडे कर, त्याहून बारीक नको. विटांवर दोन बांबू टाकून त्यावर थप्पी लाव, जमिनीवर ठेवलंस तर वाळवी आधी येईल, तू नंतर. वर पत्रा टाक, बाजू मोकळ्या ठेव, वारा आरपार गेला पाहिजे. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळू नकोस, आत घाम येतो आणि बुरशी धरते. बुरशी आलेला तुकडा धुऊन-पुसून वापरू नये, टाकून द्यावा. मोसंबी होळीपासून पडून आहे म्हणतोस, आज फोडलीस तर आपल्याकडच्या उन्हात दीड-दोन महिन्यांत येईल. पेरूच्या चिरलेल्या फांद्या त्याआधीच.

पाण्यात भिजवू नकोस. लाकडात पाणी दोन-चार मिलिमीटरपलीकडे शिरत नाही. मग काय होतं, आधी वाफ निघते, तिलाच लोक धूर समजतात. ती संपली की लाकूड पेटायचं तेव्हा पेटतंच. महिनाभर ज्याच्यासाठी वाळवलं तेच परत घालायचं, हे कुठलं शहाणपण?

खानदेशात मात्र उलटी अडचण येते, ती तुझ्या व्हिडिओवाल्यांना माहीत नसणार. वैशाखातल्या कोरड्या हवेत लाकूड आठ-दहा टक्क्यांच्याही खाली उतरतं. असं कडक वाळलेलं लाकूड धुरावत नाही, भडकतं. त्यावर उपाय पाणी नाही, मोठा तुकडा. मुठीऐवजी दोन मुठींचा घे, निखाऱ्यांच्या मधोमध न टाकता कडेला टेकव आणि खालची झडप अर्धी कर. एका अंगाने हळूहळू जळत जाईल.

सातपुड्याकडची

काकांनी सगळं छान सांगितलं. माझी नोकरी बरीच वर्षं धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात झाली, म्हणून दोन गोष्टी घालते.

पहिली म्हणजे बिब्बा. तुमच्या शेतात नसेल, पण हा धागा वाचून कुणी बाजारातून जंगलची मोळी विकत आणली तर लक्षात ठेवा. मोळीत दहा जातीची लाकडं असतात. बिब्ब्याचं लाकूड त्यात आलं आणि पेटलं तर त्याच्या धुरानेही तोंड सुजतं, अंगावर फोड येतात. बिब्बा उतणं काय असतं ते आपल्याकडच्या जुन्या बायांना विचारा. कापलेल्या जागी रस निघून काळा पडलेला दिसला की तो तुकडा हातानेही धरू नका. कण्हेर, रुई, शेर, थोर ही चिकाची झाडंही चुलीत नकोत, मग मांसाच्या धुराला तर नाहीच. कण्हेर तर विषारीच.

दुसरी गोष्ट अशी, की आंब्याच्या लाकडाबद्दल कुणी बोललं नाही. आंबा धुराला उत्तम असतो, होमात समिधा म्हणून जाळतात तोच. धडगावकडे आमचुरामुळे घरोघर आंबा आहे, छाटणीची फांदी सहज मिळते. मात्र वाळलेलाच घ्या, ओल्या आंब्याच्या चिकाने ओठ चरचरतात. आणि छाटणीवरच भागवा. महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्याच्या नियमनाचा कायदा आहे, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. मोहाला तर हात लावूच नका, फुलं आणि टोळंबी देणारं झाड कुणी चार तुकड्यांसाठी तोडतं का?

तिकडे पाड्यांवर मक्याची बियाण्याची कणसं चुलीवर टांगून ठेवतात, धुराने कीड लागत नाही. ते बघूनच मला कळलं की धूर फक्त चवीसाठी नसतो.

चिंचेचा कोळ

मी जळगावची, अन्नतंत्रज्ञान शिकलेय. लाकडात मी काकांच्या पुढे काही बोलणार नाही, मांसाबद्दल बोलते, कारण लाकूड कितीही चांगलं असलं तरी पोट बिघडलं तर सगळं फुकट.

गिरणाथडी दादा, तुम्ही गरम धुरावर करताय ते बरोबर. थंड धुरी म्हणून एक प्रकार व्हिडिओत दाखवतात, साधारण तीस अंशांच्या आत, मांस न शिजवता. तो आपल्याकडे कुणी करू नये. जळगाव-भुसावळला मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या आसपास जाते, म्हणजे धूर येण्याआधीच मांस जंतू वाढण्याच्या तापमानात बसलेलं. पाच ते साठ अंशांमध्ये मांस जितकं कमी रेंगाळेल तितकं बरं. ड्रममध्ये आतलं तापमान ११० ते १३० ठेवा. झाकणावरचा काटा वरच्या गरम हवेचा आकडा दाखवतो, जाळीपाशी वेगळाच असतो, म्हणून टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्याच. कोंबडी मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश आली की झाली. वरचा रंग बघून ठरवू नका. धुराने मांस आतून गुलाबी राहतं, शिजलेलं असलं तरी. बोकडाचा फरा ७४ ला खाण्याजोगा होतो पण चिवट राहतो, तो ९० च्या पुढे गेल्यावर मऊ पडतो.

मांस आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात ठेवा, लिटरला ५०-६० ग्रॅम मीठ, फ्रिजमध्ये. सकाळी काढून पुसा आणि दोन-तीन तास फ्रिजमध्येच उघडं ठेवा, म्हणजे वरून कोरडं आणि किंचित चिकट होईल. त्यावर धूर एकसारखा बसतो. पाणी निथळत असताना लावलं तर काळे ओघळ येतात. फ्रिजमधून थेट ड्रममध्ये गेलं तरी हरकत नाही, गार मांसावर धूर जास्त धरतो. चव लागायची ती बहुतेक पहिल्या दीड-दोन तासांतच लागते, नंतर नुसत्या निखाऱ्यावर शिजू द्या, लाकूड घालत बसू नका.

कोंबडीवाल्याला आधीच सांगा कातडी ठेवायला. आपल्याकडे न विचारताच सोलून देतात, आणि सोललेली कोंबडी तीन तासांत चामड्यासारखी होते. बोकडाच्या मांसात चरबी कमी, म्हणून दोन तासांनी केळीच्या पानात गुंडाळा. पान आधी आचेवर फिरवून मऊ करा, नाहीतर घडीवर फाटतं. रावेर-यावलकडचा कुणी ओळखीचा असेल तर पानं भरपूर मिळतील.

निखाऱ्यांच्या वर, मांसाच्या खाली पाण्याची परात ठेवा. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो धूर उठतो त्यात बेंझोपायरीनसारखे घातक पदार्थ असतात. परातीत ती पडते आणि आचही सम राहते.

आणि दादा, ड्रममध्ये आधी काय होतं? शिवाय जाळी चकचकीत पांढरी असेल तर ती जस्ताचा मुलामा दिलेली आहे का बघा. हे सगळं मोकळ्या अंगणातच करा. पाऊस आला म्हणून पडवीत किंवा शेडमध्ये ओढू नका, निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही.

गिरणाथडी

सगळ्यांचे आभार. एवढं तर व्हिडिओवाल्यांनाही माहीत नसेल.

मोसंबीची टोकं तपासली. वखारवाले काका म्हणाले तसा चिखलाचा टिकला दोन फांद्यांवर सापडला, आत काळपट कापूस. अण्णा म्हणाले, तो मीच भरला होता, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. बोर्डोचा भाग कापून टाकला, उरलेल्या फांद्या फोडून गोठ्याच्या बाजूला विटांवर रचल्या. एक तुकडा ६४० ग्रॅमचा होता तो उतरत उतरत ५२० वर येऊन थांबलाय. पेरू त्याआधीच थांबला.

कोंबडी केली. ड्रम खाद्यतेलाचा होता, तरी आधी रिकाम्यात मोठा जाळ करून जाळून घेतला. वेडी बाभळीचे निखारे, वर पेरू. कातडी तांबूस झाली, वास नाल्यापलीकडच्या वस्तीपर्यंत गेला असावा, कारण जेवायच्या वेळेला न बोलावलेले दोघं आले. अण्णांनी आधी नाक मुरडलं, मग पंख मागून घेतला. वर काळा मसाला नुसता भुरभुरला होता. पुढच्या वेळी लावणार नाही, तो धुराशी भांडतो.

दोन शंका राहिल्या. नवा तुकडा टाकला की दर वेळी पाच-सात मिनिटं पांढरा धूर येतो, मग निळा होतो. लाकूड वाळलेलं असून असं का? आणि ताई, जाळी खरंच चकचकीत पांढरी आहे. दुकानदार म्हणाला, गंजणार नाही, हीच घ्या.

चिंचेचा कोळ

ती जाळी काढा दादा. निखाऱ्यांजवळ मुलामा तापला की जस्ताची वाफ निघू शकते आणि मीठ-लिंबू लावलेल्या मांसात जस्त उतरतं. वरच्या जाळीला आच कमी लागते, पण मांस तिच्यावरच ठेवताय ना.

वखारीतला म्हातारा

पांढरा धूर येतो कारण थंड तुकडा निखाऱ्यावर पडला की पेट घेईपर्यंत धुमसतो. वाळलेला असला तरी. पुढचा तुकडा दहा-पंधरा मिनिटं आधीच ड्रमच्या झाकणावर ठेव. गरम झालेला तुकडा टाकला की लगेच धरतो, पांढरा धूर आला न आला असं होतं. टाकताना झाकण फार वेळ उघडं ठेवू नकोस, हवा आत गेली की निखारे भडकतात आणि तुझी ताई म्हणते ते ११०-१३० चं गणित बिघडतं. वेल्डरला सांग, निखाऱ्यांच्या उंचीला बाजूने वीतभर दार कापून बिजागरी लाव, लाकूड तिथूनच सरकवायचं.

काळ्या मसाल्याबद्दल तू म्हणतोस ते बरोबर, तो रश्श्यातच शोभतो. उरलेल्या धुरावलेल्या कोंबडीचा दुसऱ्या दिवशी रस्सा कर आणि कळण्याच्या भाकरीशी खा.

जाळीसाठी सहा मिलिमीटरच्या साध्या लोखंडी सळया आण आणि त्याच वेल्डरकडून गोल कड्यात बोटभर अंतराने जोडून घे. आधी तेल लावून रिकाम्या ड्रममध्ये तासभर तापव, म्हणजे काळा थर बसेल आणि गंज धरणार नाही. जस्ताची जाळी खुराड्याच्या दाराला लाव.